मागाचा ठोका

या बेटावर वारा इतका, की झाडांनी नाद सोडलाय.
ऑयरिकची शेड मात्र उभी आहे,
पत्र्याची, समुद्राकडे पाठ करून.
आत लोकरीचा माग, पायांनी चालवायचा.
तिची सत्तरी उलटलेली. छातीवर आम्ही चिकटवलेली पट्टी,
मनगटावर हिरव्या उजेडाचं घड्याळ.
"मी काय पाव आहे," म्हणाली,
"दिवा लागला की भाजून झाले?"

आठवड्याने पट्टी टपालाने परत आली.
स्टोर्नोवेच्या इस्पितळात, मागच्या खोलीत,
मी पडद्यावर तिचा मंगळवार उघडला.

घड्याळ म्हणत होतं: मिनिटाला ब्याण्णव.
दहा वाजता ब्याण्णव, अकराला ब्याण्णव,
बाराला एक्क्याण्णव, आणि लगेच चूक सुधारून ब्याण्णव.
इतकं शहाणं हृदय मी पाहिलेलं नाही.
निजलेल्या बाळाचंसुद्धा
श्वासागणिक थोडं पुढे-मागे होतं.

पट्टीची रेघ मात्र पिसाटलेली.
स्नायूंचं गवत,
घामाने सुटत आलेल्या चकतीचा उतार,
दिव्याच्या तारेची बारीक गुणगुण,
आणि मध्येच एक शिखर:
ठोका, की खांद्याचा झटका?

यंत्राला आम्ही शिकवलंय:
एक ठोका झाला की सेकंदाचा पाचवा हिस्सा
कुणी काही बोललं तरी ऐकायचं नाही.
उंची बघ. चढ बघ. मागच्या आठांची सरासरी धर.
यंत्र गुणी आहे.
गोंगाटात जो सगळ्यात नेमाने बोलतो
त्याला ते हृदय म्हणतं.

आणि तिथे नेमाने बोलत होता माग.
धोटा इकडून तिकडे, फणीचा दणका,
धोटा तिकडून इकडे,
मिनिटाला ब्याण्णव.

हालचालीचा आलेख मी वजा केला.
माग गेला.
पण जिथे दोघांचे ठोके एकावर एक पडले होते
तिथून तीही गेली.
तीन सेकंद पडद्यावर कुणीच नव्हतं.
माझ्या काळजाचा… नको,
तो वाक्प्रचार या खोलीत आम्ही वापरत नाही.

मग अकरा सत्तावीसला उभा धागा तुटला.
माग थांबला. ती गाठ मारत होती.
चाळीस सेकंद फक्त बोटं हलत होती,
चाळीस सेकंद रेघ स्वच्छ,
आणि त्या स्वच्छ रेघेवर ऑयरिकचं हृदय
कसंही येत होतं:
दोन घाईचे, एक रेंगाळलेला,
तीन एकमेकांच्या टाचेवर,
मग इतकी मोकळी जागा
की मी पडद्याला पट्टी लावून मोजली.
मग एक.

दिवसभर मी तुटलेले धागे शोधत बसले.
एकोणीस सापडले.
निदान त्या एकोणीस गाठींतून झालं.
बाकीचा मंगळवार म्हणजे अंदाज.

शुक्रवारी गोळ्या घेऊन गेले तर माग चालूच.
दणक्यांच्या मधल्या जागेत बोलावं लागलं.
"थांबले की आत गडबड होते, हे ठाऊक होतं मला,"
ती म्हणाली, पाय न थांबवता.
"म्हणून तर थांबत नाही."

छापलेला कागद तिच्यापुढे धरला तेव्हा थांबली.
कापड तपासावं तसा तिने तो उजेडाकडे धरला,
आणि एका तुकड्यावर बोट ठेवलं
जिथे माझ्या अक्षरात होतं: गोंगाट. वगळा.
"हे कधीचं?"
"दुपारी चार सतरा."
"टॉर्मोडचा फोन आला होता.
त्याचा मेंढा टपालाच्या गाडीत चढून बसला होता,
उतरेचना.
हसत होते मी."

रात्री तो तुकडा पुन्हा उघडला.
एकवीस सेकंद. निदान तीस ठोके असायला हवेत,
मला चौदा सापडतात, त्यातले दोन संशयित.
आमच्याकडे खुणा तीनच:
ठोका, ठोका नाही, गोंगाट.
खूण मी बदलली नाही.
फक्त 'वगळा' खोडलं.